आधार देऊन लिहिण्याची रीत

पवित्र शास्त्राच्या महाविद्यालयांत विद्यार्थी आपला निबंध गुरूपुढें ठेवतो, तेव्हां गुरूची दृष्टि पुष्कळदां प्रथम पानाच्या तळाकडे जाते. विद्यार्थी काय म्हणतो तें मागाहून. तें त्यानें कोठून घेतलें हें आधीं. ग्रंथकाराचें नांव, ग्रंथाचें नांव, प्रकाशनाचें स्थळ व साल, पान. शास्त्राचा दाखला असल्यास पुस्तक, अध्याय व वचन. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर ते अवतरणचिन्हांत. एकाच ग्रंथाचा लागोपाठ निर्देश आला तर ‘तत्रैव’. नवशिक्यास या सर्वांचा कंटाळा येतो, आणि स्वल्पविराम कोठें व पूर्णविराम कोठें या काथ्याकुटांत मूळ हेतु त्याच्या हातून निसटतो. हल्लीं संगणक ही मांडणी क्षणांत करून देतो. परंतु आधार खरा कीं खोटा हें तो पाहत नाहीं, व कित्येकदां तर मुळांत नसलेल्या ग्रंथांचीं नांवेंही बेमालूम रचून देतो. या रीतीनें साधतें काय, हें आमच्याच सावित्री नदीच्या कांठीं, पोलादपुरास व महाडास, स्पष्ट पाहावयास मिळतें. तें सांगण्यापूर्वीं रीतीच्या कुळाविषयीं थोडें.

आम्हां कॅथलिकांस ती परकी वाटण्याचें कारण नाहीं. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच थेओफिलास सांगतो कीं, ज्यांनीं प्रथमपासून डोळ्यांनीं पाहिलें त्यांजकडून आलेली हकीकत आपण बारकाईनें शोधून क्रमवार लिहीत आहों. जुन्या करारांतील राजांच्या ग्रंथांत एखाद्या राजाची कथा आटोपतांना लेखक वाचकास उरलेल्या वृत्तांतासाठीं राजांच्या बखरींकडे पाठवितो. त्या बखरी आज लुप्त झाल्या आहेत. त्या एके काळीं होत्या, इतकें आपणांस कळतें तें या निर्देशांमुळेंच. चवथ्या शतकांत युसेबियसानें ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिला, त्यांत पूर्वसूरींचे उतारे त्यानें नांवानिशीं दिले. पापियसाचा ग्रंथ नष्ट झाला. त्याचे जे तुकडे उरले ते बहुतांशीं अशा उताऱ्यांच्या आश्रयानें.

अध्याय व वचन सांगून दाखला देण्याची सोय मात्र पुष्कळ अलीकडची आहे. अध्यायांची प्रचलित विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीं स्टीफन लँगटन या पंडितानें केली असें मानतात. नव्या करारांतील वचनांचे आंकडे पॅरिसहून जिनीव्हास गेलेला मुद्रक रोबेर एस्तिएन यानें १५५१ सालीं घातले. तरीही आंकड्यांवर आंधळेपणानें विसंबूं नये. प्रभूस मेंढपाळ म्हणून आळविणारें जें स्तोत्र आपणां सर्वांस पाठ आहे, तें लॅटिन व्हल्गेट प्रतींत २२ वें, तर हिब्रू प्रतीप्रमाणें २३ वें. म्हणून कोणतें भाषांतर हातीं घेतलें होतें हें विद्यार्थ्यानें सांगितलेंच पाहिजे. न सांगितल्यास त्याचा वाचक भलत्याच स्तोत्रावर जाऊन पोहोंचतो.

आमच्या देशींही हा विचार जुना आहे. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ यानें मुळाशिवाय कांहीं लिहावयाचें नाहीं अशी प्रतिज्ञाच केली होती. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालापासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास आरंभ केला, तो याच वृत्तीनें; १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तिकडे मुंबईस सेंट झेवियर कॉलेजांत १९२२ सालीं आलेले स्पेनदेशीय येशूसंघीय धर्मगुरु फादर हेन्री हेरास (१८८८–१९५५) यांनीं १९२६ सालीं इतिहाससंशोधनाची संस्था काढली. ती आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्याच सालीं भारतीय विद्यार्थ्यांकरितां इतिहासलेखनाच्या पद्धतीवर त्यांनीं एक टिपणवजा इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केलें. पद्धति सांगून ते थांबले नाहींत. पुढच्याच वर्षीं विजयनगरच्या अरविडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. दूर देशांतून आलेल्या धर्मगुरूनें येथील मुलांस येथलाच इतिहास साधनांवरून लिहावयास शिकवावें, ही गोष्ट आमच्या समाजानें जितकी आठवावी तितकी आठवलेली दिसत नाहीं.

आतां पोलादपूर. महाबळेश्वराचा घाट चढण्यापूर्वींच्या या गांवीं कवींद्र परमानंदाची समाधि दाखवितात. परमानंद मूळचा नेवाशाचा. शिवछत्रपतींच्या आश्रयानें त्यानें ‘शिवभारत’ हें संस्कृत काव्य लिहिलें. तें अपुरें राहिलें, आणि अनेक पिढ्या मराठी वाचकांस त्याचा पत्ता नव्हता. तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतील प्रतीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें छापून काढलें. त्यापूर्वीं महाराजांचा जन्म शके १५४९ मधील, म्हणजे इ. स. १६२७ चा, असेंच बहुतेक मानीत. मागाहून लिहिलेल्या बखरी तसें सांगत. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे घराण्याच्या दप्तरांतील शकावली पुढें आणली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथि होती. एकट्या शकावलीवर किती भार घालावा, असा प्रश्न योग्यच होता. परंतु ‘शिवभारत’ बाहेर आलें तेव्हां त्यांतही तीच तिथि निघाली. एक कागद भोरकडच्या देशमुखांच्या घरचा, दुसरें काव्य दूर तंजावरास पडलेलें. दोघांनीं संगनमत केलें असें कोण म्हणेल? पुढें महाराष्ट्र शासनानेंही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. परंपरेनें मान्य झालेली तारीख हलविण्याचें सामर्थ्य या दोन साधनांस आलें तें, वाटेल त्यानें तीं उघडून ताडून पाहावीं अशी सोय असल्यामुळें. केवळ थोर विद्वान सांगतात म्हणून हें झालें असतें तर उद्यां दुसऱ्या थोर विद्वानानें तें फिरविलें असतें.

महाडची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथें आधाराचा प्रश्न पिण्याच्या पाण्याशीं येऊन भिडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव रावबहादुर बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत आणला होता, व महाडच्या नगरपालिकेनेंही १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांजबरोबरचे लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळें बाटलें म्हणून त्याचें शुद्धीकरण करण्यांत आलें, आणि डिसेंबरांत कांहीं सवर्ण गृहस्थांनीं दिवाणी दावा लावला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, कीं अस्पृश्यांनीं या तळ्याचें पाणी न घेण्याची रूढि अनादि काळापासून चालत आली आहे.

हा दावा दहा वर्षें चालला. महाडच्या न्यायालयानें १९३१ सालीं, ठाण्याच्या न्यायालयानें १९३३ सालीं, व शेवटीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें १७ मार्च १९३७ रोजीं तो अमान्य केला. उच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ति ब्रूमफील्ड यांचा; १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींना शिक्षा सांगणारे न्यायाधीश तेच. निकाल वाचतांना एक गोष्ट मनांत ठसते. ‘अनादि’ हा शब्द जो उच्चारतो, त्यानेंच तो सिद्ध केला पाहिजे. साक्षीदार आपल्या हयातींत काय पाहिलें तें सांगूं शकत होते. बरींच वर्षें चाललेला प्रघात त्यांवरून दिसला. पण प्रघात म्हणजे अनादि रूढि नव्हे. तळ्याभोंवतीं सवर्णांची वस्ती होण्यापूर्वीं त्या पाण्यावर आपलाच हक्क राखण्याचा यत्न कोणी केला असेल काय, याचीच न्यायालयास शंका वाटली. पिढ्यान् पिढ्या माणसांस पाण्यापासून दूर ठेवणारा तो भारदस्त शब्द, पुरावा काय असें विचारतांच उभा राहूं शकला नाहीं. अन्याय तेवढ्यानें संपला असें कोणी समजूं नये; परंतु त्याच्या हातची एक काठी त्या दिवशीं मोडली.

आमच्या महोत्सवी अंकांकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे थोडें संकोचल्यासारखें होतें. ‘पुरातन काळापासून’, ‘आमचे पूर्वज सांगत’, ‘सर्वश्रुत आहे कीं’ असे शब्द तेथें जागोजाग भेटतात. आणि एका अंकांतील वाक्य दुसऱ्यांत, दुसऱ्यांतील तिसऱ्यांत उतरत जाऊन तिसऱ्या वेळीं तें प्रमाण होऊन बसतें. वस्तुतः पॅरिशच्या कपाटांत उत्तम साधनें पडून असतात. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंस केली, व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममातापित्यांचीं नांवें लिहिण्यास सांगितलें. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, कुटुंबांची गणना व मृत्यु अशा पांच वह्या नेमून दिल्या. अशा वहीवरून लिहितांना वहीचें नांव, साल, पान व नोंदीचा अनुक्रमांक द्यावा, आणि वही कोठें ठेवलेली आहे तेंही. हयात माणसांच्या घरगुती नोंदी मात्र आधाराच्या निमित्तानें छापूं नयेत; त्यांस धर्मगुरूंची अनुज्ञा तर हवीच, पण त्याआधीं आपली सदसद्विवेकबुद्धि हवी.

वृद्धांच्या आठवणी हेंही साधनच आहे, आणि तें सर्वांत लवकर नाहींसें होणारें. महाडच्या दाव्यांतील साक्षीदारांप्रमाणें त्यांचा पल्ला एका हयातीचा. तेवढ्या पल्ल्यांत मात्र त्यांच्यासारखा आधार दुसरा नाहीं. एखाद्या आजीबाईकडून पहिल्या प्रार्थनामंदिराची हकीकत लिहून घेतांना तिचें नांव, वय, गांव व दिवस वर लिहावा. तिनें स्वतः पाहिलेलें एका बाजूस, आईकडून ऐकलेलें दुसऱ्या बाजूस. ‘त्या वर्षीं मोठा पाऊस होता’ असें ती म्हणाली तर तसेंच लिहावें. आपण होऊन त्यास साल चिकटवूं नये. मग नोंदवहींत त्या सुमाराचे बाप्तिस्मे कोठें झाले तें पाहावें. दोन्ही जुळलीं तर आनंद. न जुळलीं तर दोन्ही छापावीं.

२२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें, आणि घरोघरचे कागद, छायाचित्रें, वह्या चिखलांत गेल्या. कोंकणांत पूर न आला तरी ओल व वाळवी आहेतच. जुन्या वहीचा उतारा किंवा छायाचित्र आजच करून ठेवावें, आणि प्रत्येक उताऱ्याखालीं तो कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून, कोणीं, कोणत्या दिवशीं घेतला तें शाईनें लिहावें.