टपाल, गठ्ठे आणि प्रतीक्षा

कार्यालयात आलेले पत्र कोणाच्या नावावर चढले, ते कधीपर्यंत निकाली काढायचे आणि सध्या कोणापाशी अडले आहे, हे नोंदले गेले की त्या पत्राचे ‘काम’ होते. महसूल खात्यातील कार्यविवरण नोंदवही याच जाणिवेतून आली. टपाल कारकुनाच्या नोंदवहीत चढे, निकाली निघाले की नोंद बंद होई आणि उरलेल्यांचा गोषवारा वरिष्ठांपुढे जाई. मात्र वही कारकुनाची आणि कागदही त्याच्याच कपाटात. तो रजेवर गेला की अर्जदाराने हेलपाटे घालायचे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी या दुखण्यावर बोट ठेवले. जुन्या दप्तराची छाननी, अभिलेखांचे वर्गीकरण आणि बदललेली बैठकव्यवस्था यांमुळे गाजलेला हा प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो. एका माणसाच्या आठवणीत अडकलेला कागद दुसऱ्यालाही सापडावा, हे त्याचे मर्म.

सरकारी कार्यालयांत रुळलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत हेच तत्त्व पाळते. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नाश करायचे कागद असे हे सहा गठ्ठे. यातला दुसरा गठ्ठा महत्त्वाचा. आपण करायचे ते केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे, हे तो सांगतो.

पुढे कायद्यानेही हा भेद मानला. माहितीच्या अधिकारासाठी लढलेले याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी दप्तरदिरंगाईविरोधी कायद्याचीही मागणी लावून धरली. महाराष्ट्राच्या २००५च्या या कायद्यानुसार नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांहून अधिक राहू नये. अन्य विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा.

आता टपाल मेल सर्व्हरवर येते. कामांची नोंद ठेवण्यासाठी १९९८ साली ‘आयकॅलेंडर’ हे प्रमाण ठरले. त्यात कामाच्या अवस्था चारच आहेत : कृती हवी, चालू, पूर्ण, रद्द. २००७ साली ‘कॅलडॅव्ह’ हा प्रमाणित संवादमार्ग आला आणि प्रोग्रामला सर्व्हरकडे केवळ कामांच्या नोंदी मागता येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’मध्ये मात्र ‘इतरांची वाट पाहत आहे’ अशी अवस्था आहे. तिथून उचललेली नोंद चार खणांच्या साच्यात ओतली की प्रतीक्षाधीन काम दुसऱ्याच अवस्थेत मिसळते. वरिष्ठांच्या तक्त्यात मग उत्तराची वाट पाहणारा आणि हातच न लावणारा सारखेच दिसतात. सात दिवसांचा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा, हे कळेनासे होते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. गोषवारा कारकून स्वतः लिहीत असे; तो वर जातो हे त्याला ठाऊक असे. सर्व्हरवर विशेष परवानगी मिळालेले एक खाते सर्वांच्या पेट्या त्यांच्या नकळत वाचू शकते. म्हणून परवानगी कामांच्या नोंदींपुरती असावी, पत्रांपर्यंत जाऊ नये, आणि काय वाचले जाते हे कर्मचाऱ्याला आधी सांगावे.

गठ्ठा बांधणाऱ्याला कोणता कागद कशासाठी थांबला आहे हे ठाऊक असे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने निदान तो दुसरा गठ्ठा हरवू देऊ नये. अर्जदाराचा कागद बहुधा त्यातच असतो.