फळमाशीच्या अंड्यात अंडं घालणारी गांधीलमाशी: हवाई बेटांवर नेमकं काय घडलं?

वरून पिवळाधमक दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा अनुभव अनेकांना आला असेल. हा उद्योग फळमाशीचा. मादी सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात आणि बाहेरून फक्त टोचल्याचा बारीक ठिपका दिसतो.

यातली सर्वात उपद्रवी जात म्हणजे 'बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस'. ती मूळची आशियातली, म्हणजे आपल्याकडे जुनीच. पण १९४५ च्या सुमारास ती हवाई बेटांवर पोहोचली. तिथे तिला आवरणारं कुणी नव्हतं. पेरू, आंबा, पपई, काहीच सुटेना.

मग शास्त्रज्ञांनी माशीच्या मूळ प्रदेशातून तिचे शत्रू आणून हवाईत सोडले. त्यात होत्या परजीवी गांधीलमाश्या. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. या जेमतेम मुंगीएवढ्या असतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत.

पुढे जे घडलं ते कीटकशास्त्राच्या पुस्तकांत आजही शिकवलं जातं. आधी जम बसवला तो फळमाशीच्या वाढलेल्या अळीत अंडी घालणाऱ्या जातीने. तिला मागे टाकलं कोवळी अळी गाठणाऱ्या दुसऱ्या जातीने. आणि काही वर्षांतच या दोघींवर कडी केली 'फोपियस अरिसॅनस'ने. ती अळी व्हायची वाटच बघत नाही, थेट फळमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. जी आधी आत शिरते ती नंतर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला वाढू देत नाही, असा हा सरळ हिशोब. हवाईत फळमाशीच्या ६५ ते ७० टक्के पिल्लावळीत ही गांधीलमाशी आढळू लागली.

गंमत म्हणजे तिचं अंडं पोटात घेऊनही फळमाशीची अळी नेहमीसारखीच वाढते, गर खाते, जमिनीत जाऊन कोश करते. फक्त त्या कोशातून माशीऐवजी गांधीलमाशी बाहेर पडते.

हीच जात २००२ मध्ये ताहितीत सोडली गेली. तिथे फळमाशी १९९६ मध्ये सापडली होती. २००३ मध्ये ती केनियात आढळली, तेव्हा तिथल्या स्थानिक गांधीलमाश्या हतबल ठरल्या, कारण या माशीची अळी त्यांच्या अंड्यांभोवती पेशींचं कवच करून ती मारून टाकते. अखेर तिथेही अरिसॅनसच आणावी लागली.

मग फवारणी बंद करायची का? इथेच खरी मेख आहे. अळी कोशात जाईपर्यंत जिवंत असते, त्यामुळे टोचलेलं फळ वाचत नाही. फायदा होतो तो पुढच्या पिढीत माश्या घटल्यामुळे. बागेत सरसकट कीटकनाशक मारलं तर गांधीलमाशीही मरते. म्हणून मिथाईल युजेनॉलचे सापळे लावणं आणि गळलेली फळं गोळा करणं चालू ठेवावंच लागतं. शिवाय परका कीटक एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. त्यामुळे तो स्थानिक कीटकांवर उलटणार नाही ना, हे हल्ली आधी तपासतात.

निर्यातीचं गणित तर आणखी कडक. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि त्यात कोकणच्या हापूसची वाटही बंद झाली. कारण होतं मालात सापडलेल्या फळमाश्या. ही बंदी उठायला २०१५ उजाडलं. तिथे माश्या सत्तर टक्क्यांनी घटून भागत नाही, पेटीत एकही अळी चालत नाही.