हॉलमधली सिंगर

नरडाण्याच्या आमच्या हॉलमध्ये सिंगरची जुनी पायमशीन आहे. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणली, रॉकेलने गंज काढला, फळीला पॉलिश केलं आणि वर फुलदाणी ठेवली. पाहुणे फोटो काढतात, 'अँटिक' म्हणतात.

तिच्या नंबराआधी 'वाय' हे अक्षर आहे. म्हणजे ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. तो कारखाना १९८० साली बंद पडला. आयझॅक सिंगरने पेटंट घेतलं १८५१ मध्ये. पण सामान्य घरांत मशीन शिरली ती हप्त्यांमुळे, जे कंपनीने १८५६ पासून सुरू केले. हिंदुस्थानात तिचा व्यापार बरीच वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी सांभाळला. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरला अपवाद मानलं. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याची 'उषा' आली.

आमच्या मोहल्ल्यात या इतिहासाचा अर्थ सरळ होता: उंबरठा न ओलांडता बाईच्या हातात चार पैसे. अम्मीकडेही अशीच सिंगर होती. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत सहेरीपर्यंत तिची खडखड चालायची. मोहल्ल्यातले ईदचे कुर्ते तिच्यावरच शिवले जात. माझ्या बी.एड.च्या फीसाठी तिने ती विकली. कोणाला, किती रुपयांना, हे कधी सांगितलं नाही.

परवा अम्मी आली. फुलदाणी बाजूला सरकवून तिने चाकावर हात ठेवला, खाली वाकून पाहिलं.

"बेटा, पट्टा किधर है?"

तो मी काढून टाकला होता. शोभेच्या मशीनला कशाला हवा, म्हणून.