चिक चॉकलेट आणि गिरणगावचा ठेका

'अलबेला' हा चित्रपट मुंबईच्या गिरणगावाने आपल्या घरचा मानला, याचे कारण उघड आहे. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव हे गिरणीकामगाराचे चिरंजीव. दादर-परळच्या वस्तीत वाढलेले. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गांधर्व महाविद्यालयात शिकलेले. १९५१ साली हा चित्रपट झळकला आणि त्यातील गाणी परळ-लालबागच्या चाळींतून घुमू लागली. लग्नाच्या वरातींनी आणि गणपतीच्या मिरवणुकांनी तो ठेका उचलला, तो पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही. या घरच्या कौतुकात एक नाव मात्र मागे राहिले. ते आपल्या ख्रिस्ती समाजातील आहे, म्हणून त्याची आठवण करणे आपले कर्तव्य ठरते.

आंतोनियो शावियेर वाझ यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे गावी झाला. त्या काळी गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्यास शिकवीत. शिकविणारे मेस्त कडक शिस्तीचे असत. आधी स्वर म्हणता आले पाहिजेत, मगच हाती व्हायोलिन किंवा शिंग मिळे. अशी तयार झालेली मुले मिस्सेत गात, लदाईनीला वाजवीत, गावच्या फेस्ताला बँडमध्ये उभी राहत. हेतू उपासनेचा होता. परंतु त्यातूनच पोटापाण्याची विद्याही हाती आली. ती घेऊन शेकडो तरुण मुंबईस आले आणि धोबीतलावच्या कुडींतून राहू लागले. आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या या कुडींत एक वेदी असे, सायंकाळी रोझरी होई, आणि कोपऱ्यात वाद्यांच्या पेट्या रचलेल्या असत.

वाझ ट्रम्पेट वाजवीत. अमेरिकन वादक लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांच्याप्रमाणेच ते गातही. रंगूनमध्ये त्यांनी वाजविले, मुंबईत ताजमहाल हॉटेलात स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि 'चिक चॉकलेट' या नावाने ते ख्यातनाम झाले. भारताचा आर्मस्ट्राँग असे लोक त्यांना म्हणत.

त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेचे ताल हॉलिवुडच्या वाटेने जगभर पसरत होते. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आवाज कार्मेन मिरांडा या गायिकेचा होता. १९०९ साली पोर्तुगालमधील एका खेड्यात जन्मलेली ही मुलगी तान्ही असतानाच ब्राझीलला गेली. वडील न्हावी होते. ती स्वतः टोप्यांच्या दुकानात कामाला होती. सांबा गाऊन तिने रिओ जिंकले, १९३९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पोहोचली आणि पुढे हॉलिवुडच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या स्त्रियांत गणली गेली. १९४५ च्या 'डॉल फेस' या चित्रपटात तिने प्वेर्तो रिकोच्या चिकोवरचे एक गाणे म्हटले. तीच चाल पाच वर्षांनी मुंबईत अवतरली. 'समाधी' (१९५०) या चित्रपटात सी. रामचंद्रांनी ती लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्याकडून गाऊन घेतली. 'गोरे गोरे' हे ते गाणे आणि त्याच्या वाद्यमेळावर छाप होती चिक चॉकलेट यांची.

हे काम कसे चाले, ते समजून घेतले पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती ऐकून सहायक पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलेखन करी, व्हायोलिनने कोठे शिरावे, ट्रम्पेटने कोठे उत्तर द्यावे हे ठरवी आणि प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवी. गोव्याच्या शाळांत शिकलेले वादक कागद पाहताच वाजवू शकत. ध्वनिमुद्रणाच्या महागड्या तासांत या विद्येला मोल होते. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतील नृत्याच्या मैफली ओसरल्या आणि अधिकाधिक वादक स्टुडिओंकडे वळले. चिक यांच्यासारखेच फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे या कामातील मोहरे.

'अलबेला'त ही भागीदारी कळसाला पोहोचली. 'शोला जो भडके' या गाण्यात बाँगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन एकत्र नांदतात. रामचंद्रांनी स्वतः 'चितळकर' या नावाने लताबाईंसह ते गायिले आहे. चिक आणि त्यांचे सहकारी झालरींच्या बाह्यांचे लॅटिन धाटणीचे पोशाख घालून या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. मात्रेच्या अधेमध्ये येणारा तो आघात ढोलकीच्या फडात मुरलेल्या कानांना परका वाटला नाही. लालबागच्या श्रोत्याने त्या तालाला त्याचे गाव विचारले नाही.

ही उसनवारी होती, असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. 'गोरे गोरे'पुरता तो नाकारता येणार नाही. परंतु ज्या कार्मेनची चाल घेतली, तिलाही १९४० साली रिओच्या श्रोत्यांनी 'तू अमेरिकन झालीस' म्हणून थंड प्रतिसाद दिला होता. जन्माने ती पोर्तुगीज, आणि तिचा सांबा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी घडविलेला. संगीताचे मूळ असे शोधू गेल्यास एका घरी थांबता येत नाही. उसने घेणे हा दोष नव्हे. ज्याच्याकडून घेतले व ज्याने घडविले त्याचे नाव न घेणे, हा दोष आहे. तबकड्यांवर गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. ज्या हातांनी कागद लिहिले आणि वाद्ये वाजविली, ते बहुधा अनामिक राहिले.

कार्मेन १९५५ साली अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. तिचा देह रिओला आणून दफन केला, तेव्हा तेच शहर रस्त्यावर लोटले. चिक १९६७ मध्ये, पन्नाशी ओलांडताच निवर्तले. भगवानदादांचे वैभव ओसरले, ते दादरच्या चाळीत परतले आणि २००२ साली तेथेच त्यांनी डोळे मिटले; गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या दारी थांबत, अशी आठवण दादरकर सांगतात. चिक यांच्या वाट्याला मात्र अशी मिरवणूक आली नाही.

धोबीतलाव, गिरगाव, दादर येथील आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आहेत, जिथे आजोबांची व्हायोलिनची पेटी माळ्यावर आहे आणि स्वरलेखनाच्या वह्या पिवळ्या पडत आहेत. रविवारी गायकवृंदात वाजविणारा तो वृद्ध गृहस्थ आठवडाभर कोणत्या स्टुडिओत जात होता, हे त्याच्या नातवंडांना ठाऊक नसते. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूची नोंद असते. कामाची नोंद कुटुंबानेच ठेवावयाची असते. त्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांवर नाव, साल आणि चित्रपट एवढे तरी लिहून ठेवावे. शहर ज्या ठेक्यावर नाचले, तो कोणी वाजविला हे सांगणारे कोणी तरी असले पाहिजे.