संपातलं गाणं

परवा सुनेने नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमाची चित्रफीत पाठवली. इस्त्रीचे गणवेश, छातीवर तिरंगे बिल्ले आणि गाणं आपलं ओळखीचंच, 'हम होंगे कामयाब'. ऐकता ऐकता मी थेट जानेवारी १९८३ मध्ये जाऊन पोचले.

तेव्हा मी गिरणगावातल्या एका मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप वर्ष उलटलं तरी मिटला नव्हता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसलेले. हजेरीपटात दर महिन्याला दोन-चार नावांपुढे 'गावी गेला' असा शेरा पडे. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे. अशात प्रजासत्ताक दिनाला मी हे गाणं बसवलं, अगदी हातवाऱ्यांसकट. पटांगणाच्या कडेला काही मुलांचे वडील उभे होते, एरवी त्या वेळी पहिल्या पाळीला असणारे. गाणं संपलं तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, आवडलं नसावं.

हे गाणं मुळात संपकऱ्यांचं आहे हे मला माहीतच नव्हतं हो! आमच्या समूहगीतांच्या वहीत ते होतं, तेवढं मला पुरेसं होतं. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा वाचलं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन गावी १९४५ च्या ऑक्टोबरात सिगार कारखान्यातल्या कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय बायका. ऐन हिवाळ्यात, पावसात कारखान्याच्या दारात उभं राहायचं आणि दिवस संपला की चर्चमधलं एक जुनं गाणं अगदी सावकाश म्हणायचं. मूळ गाण्यात 'मी' होता, बायकांनी त्याचा 'आम्ही' केला. (व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण एकवचनाचं अनेकवचन इतकं कामाला आलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.)

तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेत झिल्फिया हॉर्टनबाईंकडे गेलं, त्यांच्याकडून पीट सीगरकडे. १९५९ मध्ये त्या शाळेवर पोलिसांची धाड पडली. अंधारात बसवून ठेवलेल्या मुलांनी तिथेच न घाबरण्याचं कडवं जोडलं. आपण ते कडवं किती आनंदात, माना डोलावत म्हणतो! २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात जोन बाएझने हे गाणं म्हटलं आणि १९६५ च्या मार्चमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेपुढच्या भाषणात त्याचे शब्द उच्चारले. आपल्याकडचा हिंदी अनुवाद कवी गिरिजाकुमार माथुरांचा.

सरकारी तोंडी गेलं की गाण्याची धार जाते, असं माझं मत. आपल्याकडे ते प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं, सरळ, हात मागे बांधून. ते बरोबर हेरलं कुंदन शाह यांनी. १९८३ चाच 'जाने भी दो यारो' आठवा. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी, दोघे भोळे छायाचित्रकार, हे गाणं म्हणत कामाला लागतात आणि शेवटी दुसऱ्यांच्या पापापायी कैद्यांचे कपडे घालून मुंबईच्या रस्त्यावर चालतात, तेव्हा मागे हेच गाणं वाजतं. आमचे हे पोट धरून हसत होते. मला मात्र हसू येईना, पटांगणाच्या कडेची माणसं दिसत राहिली. पुढे २०१० मध्ये 'माय नेम इज खान'ने ते पुन्हा अमेरिकेतल्या चर्चमध्ये नेलं, म्हणजे माहेरीच म्हणायचं. पण तिथे कारखाना नव्हता.

गिरण्यांचा संप तसा कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गाण्याच्या पहिल्या रांगेतली तीन मुलं आली नव्हती. एकाचे वडील दाखला न्यायला आले. "बाई, पोरगा गावी ते गाणं म्हणतो गुरं राखताना," म्हणाले. मी बरं म्हटलं आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढे 'स्थलांतर' असं लिहून दाखला त्यांच्या हातात दिला.