पाच डॉक्टर आणि एक नागपूरकर

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने पाच भारतीय डॉक्टर चीनला निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल. सोबत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू, डॉ. देबेश मुखर्जी आणि उपप्रमुख म्हणून आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. यांतले कोटणीस मराठी घराघरांत माहीत आहेत. चोळकरांचे नाव मात्र नागपुरातही सांगावे लागते. मी वाडीत राहतो. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही, पण गेली काही वर्षे या पथकाच्या मागावर आहे. त्यातून हाती आलेले येथे मांडतो.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. अमरावती रोडवर वाहतूक कंपन्यांची गोदामे जशी वाढली, तशा शाळाही वाढल्या. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या मुलीने शाळेतून आणलेले एक माहितीपत्रक मला वाचायला दिले. परदेशातल्या एका गावी दहा दिवस राहायचे, तिथल्या शाळेला रंग द्यायचा, मुलांना शिकवायचे आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे. खर्च पालकांचा. मुलीचा उत्साह खरा होता, आणि त्याची थट्टा करावी असे मला मुळीच वाटत नाही. प्रश्न एवढाच की परक्या देशात जाऊन सेवा करायची, तर ती कशी? आपल्याकडे याचे एक जुने उत्तर आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ला जनतेला आवाहन केले, आणि ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत देशभर निधी गोळा झाला. रक्कम सुमारे २२ हजार रुपये. देश स्वतः पारतंत्र्यात, आणि लोक दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी पैसे देत होते. त्यातून पथकासोबत एक रुग्णवाहिकाही गेली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, हे पथक बोलावलेले होते. काय हवे ते चीनने सांगितले, आपण ठरवले नाही. दुसरी, जाणाऱ्यांच्या हातात तिथे कमी असलेले कसब होते. अटल तर स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कोटणीस अवघे २७ वर्षांचे, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडून पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. चोळकर पाचांत वयाने सर्वांत ज्येष्ठ. प्रपंच स्थिरावलेल्या वयात माणूस तीर्थयात्रेचा विचार करतो, हे रणभूमीकडे निघाले.

असेच उलट दिशेनेही घडले होते. १५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पिएर सेरेझोल इकडे आले. पेशाने अभियंता. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०मध्ये, त्यांनी फ्रान्समधल्या उद्ध्वस्त गावात स्वयंसेवकांची पहिली तुकडी नेली होती. बिहारात त्यांनी आपली वेगळी चूल मांडली नाही. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेत गावे पुन्हा उभारायला हात लावला. पाहुण्याने यजमानाच्या हाताखाली काम करावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

चीनमध्ये पथक हाँगकाँग, कँटन, हँकौ, चुंगकिंग असा प्रवास करत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले. त्याच वर्षी चोळकर मायदेशी परतले. मुखर्जींनाही प्रकृतीमुळे परतावे लागले. १९४० मध्ये अटल आले. बसू १९४३पर्यंत राहिले. कोटणीस परतलेच नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी गेले.

मग १९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आले आणि १९४६ मध्ये त्यावरून व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. पुस्तकाचे इंग्रजी नावच 'जो एक परतला नाही' अशा अर्थाचे. कथा त्या एकाची झाली, ते साहजिकही होते. पण त्यामुळे आपल्या मनात एक चुकीचा हिशेब बसला: जो मेला तो खरा सेवक, परतले ते अर्ध्यावर सोडून आले.

चिनी लोकांनी असा हिशेब केला नाही. पाचही डॉक्टरांना त्यांनी चिनी नावे दिली, आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर लावले. कोटणीस 'के दिहुआ' झाले, तसेच चोळकर 'झुओ केहुआ'. काही महिन्यांत परतलेल्या नागपूरकरालाही तेच अक्षर मिळाले.

म्हणून शेजारच्या मुलीला मी एवढेच सुचवले की जाण्याआधी शाळेत विचार: तुम्हाला बोलावले कोणी, आणि तिथे रंगारी मिळत नाही का? उत्तर समाधानकारक मिळाले, तर दहा दिवसही थोडे नाहीत. न मिळाले, तर सहल म्हणून जा, आनंदाने जा. फक्त तिला सेवा म्हणू नकोस. आणि शहरात चोळकरांचे नाव एखाद्या दवाखान्याला, निदान एखाद्या शाळेच्या सभागृहाला लाभावे, ही विनंती मी नागपूरकर वाचकांपुढे ठेवतो.