गॅसचें वाळवणयंत्र आणि त्याचे पहारेकरी

अमेरिकेंतील एखाद्या जुन्या घराच्या तळघरांत कपडे वाळविण्याचें गॅसचें यंत्र वर्षानुवर्षें मुकाट्यानें काम करीत असतें. एके दिवशीं तें नेहमीप्रमाणें गरगर फिरतें, वारा सोडतें. परंतु तासाभरानें दार उघडून पाहावें तों आंतील कपडे ओलेच आणि गार! घरधनी म्हणतो, यंत्र म्हातारें झालें, बिघडलें. पुष्कळदां हा निर्णय घाईचा असतो. यंत्र तापत नाहीं याचें कारण, त्यानें तापूं नये अशी आज्ञा त्याच्याच पोटांत बसविलेल्या एखाद्या पहारेकऱ्यानें दिलेली असते. हे पहारेकरी कोण व ते तेथें कसे आले, हें समजल्यावांचून दुरुस्तीस हात घालणें धोक्याचें. आणि तें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

आपल्याकडे उन्हाला तोटा नाहीं. उत्तरेकडील थंड मुलखांत मात्र हिवाळ्यांत दोरीवरचें धुणें गोठून फळीसारखें ताठ होतें. त्यामुळें विस्तवावर कपडे वाळविण्याची कल्पना तिकडे जुनी आहे. इ. स. १८०० च्या सुमारास पोशाँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें भोंकें पाडलेलें पिंप विस्तवावर हातानें फिरविण्याची युक्ति काढली, असें सांगतात. कपडे वाळत खरे, पण त्यांस धुराचा वास येई. पुढें १८९२ सालीं ओहायओ संस्थानांतील डेटन येथील जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकानें चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याच्या चौकटीचें पेटंट घेतलें.

आजच्या यंत्राचा खरा पूर्वज मात्र नॉर्थ डाकोटांतला. तेथील जे. रॉस मूर यानें, कडाक्याच्या थंडींत धुणें वाळत घालतांना आईचे होणारे हाल पाहून, एका छपरींत शेगडी मांडली व तेथें कपडे टांगण्याची सोय केली. त्यांतूनच फिरत्या पिंपाचें यंत्र निघालें. बरीच वर्षें खटपट केल्यावर विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गांवच्या हॅमिल्टन कंपनीनें तें १९३८ सालीं बाजारांत आणलें. छापखान्यांना लागणारे लांकडी टाइप करणारी म्हणून प्रसिद्ध असलेली ही कंपनी. तिला हा उद्योग सुचावा ही गंमतच! यंत्राचें नांव ठेवलें 'जून डे'. तिकडे जून म्हणजे लख्ख उन्हाचा महिना. मुंबई-कोंकणांतील गृहिणीस हें नांव ऐकून हंसूंच येईल. कारण तिच्या लेखीं जून म्हणजे कपडे न वाळण्याच्या दिवसांचा आरंभ. ब्रुक्स स्टीव्हन्स या कल्पक चित्रकर्त्यानें या यंत्राच्या दाराला कांच बसविण्याची सूचना केली, आणि दुकानांत मांडलेल्या यंत्रांत रंगीबेरंगी चड्ड्या फिरत ठेवावयास सांगितल्या. नाहीं तर त्या पांढऱ्या पेटीकडे कोण पाहणार?

यंत्रें विजेचीं निघालीं तशीं गॅसचींहि निघालीं, आणि येथेंच पहारेकऱ्यांची गरज उत्पन्न झाली. लांकडाची चूल विझली म्हणजे धोका टळतो. गॅसची ज्योत विझली म्हणजे धोका सुरू होतो. झडप उघडी असेपर्यंत न जळलेला गॅस खोलींत सांचतच राहतो. असा सांचलेला गॅस काय करतो याचें भयंकर प्रत्यंतर १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन गांवच्या शाळेंत आलें. नळींतून गळलेला नैसर्गिक गॅस इमारतीच्या जमिनीखालीं सांचला. त्याला वास नव्हता, म्हणून कोणास पत्ता लागला नाहीं. एका ठिणगीनें स्फोट होऊन सुमारें ३०० माणसें मेलीं. त्यांत बहुतेक मुलेंच. यानंतर गॅसमध्यें मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा टेक्सासनें केला व ती चाल अन्यत्रहि पसरली. माणसाचें नाक हाच पहिला पहारेकरी. यंत्राजवळ गॅसचा वास येत असेल तर दुरुस्तीचा विचारच सोडावा. दिव्याचें बटणहि न दाबतां घराबाहेर पडावें आणि बाहेरून गॅस पुरविणाऱ्यांस कळवावें.

दुसरा पहारेकरी ज्योतीवर नजर ठेवणारा. जुन्या यंत्रांत एक बारीक ज्योत अष्टौप्रहर तेवत असे, देवघरांतल्या नंदादीपासारखी. दोन भिन्न धातूंच्या सांध्यास उष्णता लागली म्हणजे विजेचा किंचित् प्रवाह उत्पन्न होतो, हें झेबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१ सालच्या प्रयोगांतून पुढें आलें. गॅसच्या पुष्कळ घरगुती साधनांत असा सांधा त्या नंदादीपाच्या ज्योतींत ठेवीत. ज्योत विझून सांधा निवला कीं प्रवाह थांबे व झडप आपोआप मिटे. मात्र दिवसरात्र ज्योत जाळणें खर्चाचें. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ही उधळपट्टी लोकांच्या डोळ्यांत खुपूं लागली, आणि १ जानेवारी १९८८ पासून अमेरिकेंत तयार होणाऱ्या गॅसच्या वाळवणयंत्रांत सतत जळणारी ज्योत ठेवण्यास कायद्यानेंच बंदी झाली.

तिच्या जागीं आली एक ठिसूळ कांडी. एडवर्ड ॲचेसन हा १८९१ सालीं कृत्रिम हिरे करूं पाहत होता. हिरे हातीं लागले नाहींत, पण कार्बोरंडम हा अतिकठीण पदार्थ लागला. त्याच पदार्थाच्या कांडींतून वीज सोडली म्हणजे ती पांढरट-पिवळी होईपर्यंत तापते. यंत्र सुरू होतांच ही कांडी तापूं लागते आणि गॅसच्या वाटेवर एकामागें एक असलेल्या दोन झडपांपैकीं पहिली उघडते. दुसरी मिटलेलीच राहते. कांडीशेजारीं उष्णता ओळखणारी एक डबी असते. कांडी गॅस पेटविण्याइतकी तापली अशी तिची खात्री पटली म्हणजेच ती आपला विजेचा जोड सोडते, दुसरी झडप उघडते, आणि गॅस भपकन् पेट घेतो. कांडी विझते, परंतु ज्योतीच्या उष्णतेनें डबीचा जोड सुटलेलाच राहतो. ज्योत काही कारणानें विझली तर डबी निवते व झडप मिटते. विस्तव आहे अशी साक्ष मिळाल्यावांचून गॅस सोडावयाचा नाहीं, एवढाच या साऱ्या खटाटोपाचा अर्थ.

हा क्रम ध्यानांत असला म्हणजे दोष शोधणें बरेंचसें पाहण्याचेंच काम उरतें. गॅसची तोटी उघडी आहे ना, कळ चुकून थंड वाऱ्यावर तर फिरविलेली नाहीं ना, हें आधीं पाहावें. (दुसऱ्या कारणानें धांवत आलेले कारागीर थोडे नाहींत!) मग खालच्या फटींतून आंत नजर ठेवावी. कांडी मुळींच तांबडी होत नसेल तर ती तडकलेली असावी, किंवा तिच्यापर्यंत वीजच पोंचत नसावी. कांडी तापून तशीच जळत राहिली तर डबीचा जोड चिकटला आहे. कांडी तापली, विझली, आणि तरीहि ज्योत आली नाहीं, तर झडपा उघडणारीं तारेचीं वेटोळीं निकामी झालेलीं असतात. हीं वेटोळीं मोठीं फसवीं. गार असतांना तीं चोख काम करतात. पहिला जाळ व्यवस्थित लागतो, आणि तापल्यावर दुसऱ्या खेपेस दगा देतात. त्यामुळें पहिल्या पांच मिनिटांतच पाहून निघून गेलेल्या कारागिरास यंत्र निर्दोष वाटतें. उघडण्यापूर्वीं वीज तोडावी, गॅस बंद करावा. नव्या कांडीस उघड्या बोटांनीं शिवूं नये, कारण बोटांच्या तेलकटपणानें तिचें आयुष्य कमी होतें.

सर्वांत गैरसमज होतो तो शेवटच्या पहारेकऱ्याविषयीं. उष्ण हवा बाहेर नेणाऱ्या वाटेवर एक लहानसा फ्यूज बसविलेला असतो. हवा प्रमाणाबाहेर तापली कीं तो कायमचा तुटतो. कांहीं यंत्रांत त्यामुळें पिंपहि थांबतें, कांहींत नुसती उष्णता जाते. फ्यूज स्वस्त, बदलण्यास सोपा. म्हणून लोक तो बदलतात, आणि महिन्याभरानें तो पुनः तुटतो. कित्येक बहाद्दर तर कंटाळून त्याच्या दोन तारा एकमेकींस जोडून टाकतात. पहारेकऱ्यास बांधून ठेवून दार उघडें टाकावें तसाच हा प्रकार. हवा तापली कां, हें कोणी विचारीत नाहीं. प्रत्येक कपड्यांतून बारीक लव सुटते; ती जाळींतून निसटून नळ्यांत सांचते, ओली हवा कोंडते आणि उष्णता मागें फिरते. ती लव कापसासारखी पेटते. शिवाय कोंडलेल्या नळ्यामुळें जळलेल्या गॅसचे विषारी वायु घरांत शिरण्याचें भय आहेच. २००८ ते २०१० या काळांत अमेरिकेंतील राहत्या घरांत या यंत्रांमुळें वर्षाला सुमारें २,९०० आगी लागल्याची तेथील सरकारी अग्निशमन खात्याची नोंद आहे; त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश आगींचें कारण यंत्र स्वच्छ न ठेवणें हें होतें. तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतूनहि हें यंत्र आहे, आणि भाड्याच्या घरांत तर आधींच्या बिऱ्हाडाची लव आयतीच मिळते.

म्हणून फ्यूज तुटलेला आढळला कीं आधीं यंत्र भिंतीपासून पुढें ओढावें, मागचा नळा सोडवून टोंकापर्यंत झाडून काढावा, आणि तो प्लॅस्टिकचा असेल तर टाकून देऊन पत्र्याचा घालावा. मग नवा फ्यूज बसवावा, आणि यंत्र सुरू करून बाहेरच्या भिंतीवरील झांकण वाऱ्याच्या झोतानें पुरतें उचललें जातें कीं नाहीं तें अंगणांत जाऊन पाहावें.